सुरुंग एकदाच उडाला

साहेब, पितांबरच्या कानात शिट्टी घातली ती सुरुंगानं. तिला दात बसवले ते तुम्ही. सुरुंग मुका, त्याला काय कळणार? तुम्ही शिकलेले होतात. भिंतीवर चौकटीत पदव्या, टेबलावर काच, काचेखाली देवाचा फोटो. तुम्ही मान वर न करता एक वाक्य बोललात आणि एक धडधाकट गडी आपल्याच घरात, आपल्याच सख्ख्या भावाच्या हाताकडे बघून भिऊ लागला. तुम्हाला ते वाक्य आठवतही नसेल. म्हणून ऐका. पुढचा पेशंट बसू द्या जरा बाहेर.

गणपती दूध पिऊन गेले, त्याच्या पुढचा उन्हाळा. चोपड्याकडे तापीकाठच्या आमच्या गावात सुकदेव आणि पितांबर हे दोघे भाऊ एकत्र राहत, केळीची बाग करत. विहिरीनं तळ दाखवला. घड धरलेली केळी उन्हात माना टाकायला लागली, तेव्हा विहीर खोल करायची ठरली. दगड उपसायची यारी घेऊन बाहेरगावची माणसं आली. विहिरीत जिथून पायऱ्या सुरू होतात तिथं एका कोनाड्यात शेंदूर फासलेले सात दगड होते. साती आसरा. पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. आमच्याकडे जुन्या विहिरीला त्यांचं ठाणं असतं, आणि विहिरीला हात लावायचा तर आधी त्यांचं नारळ, हळदकुंकू, हिरव्या बांगड्या. आता यारीचा पाय नेमका त्या कोनाड्यावर येत होता. सुकदेवनं सातही दगड टोपल्यात भरले आणि बांधावरच्या निंबाखाली नेऊन ठेवले.

"नारळाचं मंग पाहू," म्हणाला. "यारीवाला थांबाव नही."

मग पाहू म्हटलं, ते राहून गेलं.

एका दुपारी खाली भोकं भरली, वाती पेटवल्या, "भागा रे!" अशी आरोळी झाली आणि सगळे पळाले. पितांबरही पळाला. अर्ध्या वाटेत त्याला आठवलं की मोटारीची नवी केबल काठावरच राहिली. वरून दगड पडला तर तुकडा पडेल. तो उलटा फिरला. केबलला हात लागला आणि जमीन उडाली.

नडगीला खरचटलं, एवढंच. लोक धावत आले, त्यांची तोंडं हलताना दिसत होती, आवाज नव्हता. डावा कान संध्याकाळपर्यंत उघडला. उजवाही उघडला, पण त्यात एक जण येऊन बसला होता. बारीक, ताणलेला, न थांबणारा. विजेच्या खांबाला कान लावला की तारेतून जो येतो ना, त्याच्याहून पातळ. ईंऽऽऽ.

उद्या जाईल, असं पितांबर म्हणाला. उद्या गेला नाही. विहिरीला पाणी लागलं, यारीवाले गेले, केळी पुन्हा ताठ झाली, शिट्टी तिथंच.

आता पितांबर कशाला भ्याला, ते आधी सांगितलं पाहिजे. आवाजाला भ्याला नव्हता तो. भ्याला अभिमन आबाला. अभिमन म्हणजे त्याचा चुलता. त्यालाही काहीबाही ऐकू यायचं. शेवटी शेवटी त्याला गोठ्यात खांबाला दाव्यानं बांधून ठेवत. पितांबर तेव्हा लहान होता, आबाला भाकरी द्यायला त्यालाच पाठवत. आबा भाकरी घ्यायचा आणि हळूच विचारायचा, "तुले ऐकू येस का रे?" नाही म्हणून पोरगं पळत सुटायचं. आता चाळिशीत त्याच्या स्वतःच्या कानात काहीतरी होतं, आणि ते दुसऱ्या कोणाला ऐकू येत नव्हतं.

घरात कोणाला बोलला नाही. बायको कुंदाबाई, शिंदखेड्याची, तिला न बोलताच कळलं. नवरा जेवताना घास तोंडाशी धरून थांबतो आणि कुठंतरी बघतो. तिनं आपल्या भावाला, लोटनला निरोप धाडला. लोटन आला आणि दोघांना एस.टी.त घालून धुळ्याला घेऊन गेला. धुळ्याला कोणाकडे? तुमच्याकडे, साहेब.

तुमच्या दवाखान्याचं नाव घेत नाही. बाहेर बाकावर माणसं अशी बसली होती, जशी निकालाला बसतात. आत बोलावणं आलं. तुम्ही दिवा लावून कानात पाहिलं, काचेच्या खोलीत बसवून टुक टुक आवाज ऐकवले, कागदावर रेघ काढली. ते सगळं तुम्ही नीट केलंत, ते नाकारायचं नाही. मग म्हणालात, "नस मेली. हा आवाज आता कायमचा. औषध नाही. गोंगाटापासून लांब राहा, शांत पडून राहा."

लोटननं विचारलं, "काहीच इलाज नाही का साहेब?"

"सांगितलं ना."

पितांबर उठला. दारापर्यंत गेला. तिथून परत फिरला. ज्या प्रश्नासाठी तो एवढ्या लांब आला होता तो अजून विचारायचाच होता. "साहेब, हे डोक्याचं तर नाही ना?"

तुम्ही कागदावर लिहीत होतात. हसलात थोडं. "अजून नाही. पण असंच डोक्यात घेऊन बसलात, तर होईल."

हेच ते वाक्य.

येताना पितांबर एस.टी.त खिडकीशी बसला. गाडीचा खडखडाट होता तोवर शिट्टी दबलेली होती. गाडी अमळनेरच्या स्टॅण्डवर थांबली, इंजिन बंद झालं, आणि शिट्टी कानातून उठून डोक्यात आली. त्यानं कुंदाचा हात असा धरला की बांगडी पिचली.

सुकदेवला तुमचं बोलणं कळलं तेव्हा तो म्हणाला, "साहेबले काय ठाव. तुना कान आसरास्नी धरेल शे." दगड त्यानं उचलले होते, नारळ त्यानं चुकवला होता, आणि शिक्षा धाकट्याला झाली होती. त्याच्या मनाला जे खात होतं ते त्यानं हुकूम करून बाहेर काढलं. पितांबरनं विहिरीकडे फिरकायचं नाही. आणि साहेब म्हणाले शांत, तर घर शांत.

मग घर शांत झालं. असं शांत, की मेलेल्या माणसाच्या घरात सुद्धा एवढी शांतता नसते, तिथं निदान रडतात तरी. सुकदेवनं बैलांच्या गळ्यातल्या घाटी, म्हणजे घंटा, सोडल्या. भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक थांबवला. रेडिओ फडक्यात गुंडाळून फडताळात टाकला. पोरांना मामाच्या गावी धाडलं. घरच्याच कापसाचे बोळे करून पितांबरच्या दोन्ही कानांत घातले, वर रोज थोडा नवा कापूस. कुंदा मिरच्या कुटायला शेजारच्या सुनंदाबाईकडे जायला लागली.

"काय व कुंदा," सुनंदाबाई म्हणाली, "तुना घर काय राजा झोपेल शे का? मसाला कुटाले आमना घर येस!"

"राजा झोपला असता तर बरं होतं," कुंदा मनात म्हणाली.

खान्देशातली मे महिन्याची दुपार तुम्हाला ठाऊक असेल, साहेब. तुमच्या पंख्याखालून नाही, खरी. कुत्रं भुंकत नाही, पाखरू बोलत नाही, केळीचं पान हलत नाही. अशा दुपारी, कानात कापूस घालून, दार लोटून, पितांबर ओसरीत पडायचा. आणि मग तो आवाज यायचा. आधी एका कानात, मग दोन्ही, मग कान कुठला ते कळेना, सगळी कवटीच वाजायची. तो छातीवर हात ठेवायचा तर छाती धडधडायची, छाती धडधडली की शिट्टी वाढायची, शिट्टी वाढली की छाती आणखी. तो कापूस अजून आत दाबायचा. विहीर बुजवायला जावं आणि आपणच तिच्यात माती होऊन पडावं, तसं चाललं होतं ते.

अशाच एका दुपारी त्यानं कुंदाला जवळ बोलावलं. बोळा काढला. "कान लाव," म्हणाला. "मना कानले तुना कान लाव."

तिनं लावला. दोघं नवराबायको भरदुपारी ओसरीत कानाला कान लावून बसली. एरवी कोणी पाहिलं असतं तर गाव हसलं असतं.

"येस का ऐकू?"

त्याचा आवाज अगदी तसाच होता, जसा अभिमन आबाचा असायचा. कुंदानं आबाला पाहिलेलं नव्हतं. तिनं फक्त नवऱ्याचे डोळे पाहिले.

"हां," ती म्हणाली. "येस. बारीक येस."

त्याचा जीव क्षणभर भांड्यात पडला. म्हणजे आपण वेडे नाही. आवाज खरा आहे. आणि मग त्यानं पुढचा हिशोब केला. खरा आहे, दुसऱ्यालाही ऐकू येतो, तर तो सुरुंगाचा नाही. भाऊ म्हणतो तेच. विहिरीतून कोणीतरी मागं लागून आलं आहे.

त्या दिवसापासून त्यानं खाणं सोडल्यात जमा केलं. आणि पुढच्या बाजाराला सुकदेव एक नवं दावं घेऊन आला. जाड, पांढरं, अजून तेल न लागलेलं. त्यानं ते ओसरीतल्या खुंटीवर अडकवलं आणि काही न बोलता शेतात गेला.

कुंदा पाणी घेऊन आली तेव्हा पितांबर भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. नजर खुंटीवर.

"गोऱ्ह्यासाठी आणलं असेल," ती म्हणाली.

"गोऱ्ह्याला दावं आहे. चांगलं धड आहे."

तिनं गोठ्यात जाऊन पाहिलं. होतं.

ती बाई शाळा शिकलेली नाही. पण त्या क्षणी तिला कळलं की आता घरात बसून राहिलो तर दोहोंपैकी एक गोष्ट होईल, एक तर हे दावं वापरलं जाईल, नाही तर विहीर. गावातल्या मास्तरीणबाईंकडून तिनं ऐकलं होतं की जळगावला मेहरूणकडे एक फिरकेबाई आहेत, मुक्याबहिऱ्या पोरांना बोलायला शिकवतात, कानाचं त्यांना फार कळतं. सकाळी सुकदेव शेतात गेल्यावर तिनं नवऱ्याला उठवलं आणि पहिली गाडी धरली.

फिरकेबाईंची खोली म्हणजे शाळेची जुनी वखार. वयानं तिशीच्या आतबाहेर, चष्मा, बोटांना खडू. त्यांनी धुळ्याचा कागद पाहिला, पुन्हा तपासलं, आणि पहिलं काम केलं ते चिमट्यानं दोन्ही बोळे बाहेर काढण्याचं. खोलवर जाऊन ते दगडासारखे झाले होते.

"कापूस शेतात पिकवायचा हो," म्हणाल्या, "कानात नाही."

पितांबर हसला नाही. त्यानं तोच प्रश्न विचारला. "बाई, मी वेडा होईन का?"

बाईंनी खडू खाली ठेवला. साहेब, हे नीट बघा. खडू खाली ठेवला आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"आवाजात कोणी बोलतं का? शब्द असतात? काही करायला सांगतं?"

"नाही. नुसती शिट्टी."

"मग नाही होणार. ही कानाची शिट्टी आहे. सुरुंगानं कानातली बारीक लव जळाली. तिकडून यायचा तो आवाज येईनासा झाला, म्हणून मेंदूनं आपला रेडिओ मोठा केला. स्टेशन नाही आणि रेडिओ मोठा, तर काय ऐकू येणार? खरखर."

"जाईल?"

"खोटं सांगत नाही. कदाचित जाणार नाही. पण तुम्ही रात्रपाळीचं पाणी भरायला जाता ना बागेत? मोटार चालू असताना झोप लागते?"

"लागते."

"जाग कधी येते?"

पितांबर थांबला. "लाईट गेल्यावर. मोटार बंद पडली की."

"एवढ्या मोठ्या मोटारीत झोपता आणि ती गप्प झाली की दचकता. का? मोटारीला तुम्ही भीत नाही. ज्याची भीती नाही तो आवाज मेंदू मागं बसवतो. ही शिट्टी तुम्ही पुढं बसवली आहे, आणि वर घर बंद करून तिला एकटीला बोलू दिलं आहे. काळोखात विडी पेटवली तर कोसावरून दिसते. भर उन्हात?"

त्यांनी सांगितलं ते साधं होतं. शांतता बंद. दिवसभर घरात काहीतरी मऊ आवाज हवा. रेडिओ दोन स्टेशनांच्या मध्ये ठेवायचा, नुसती सूंऽ अशी खरखर, आणि हळू. शिट्टी बुडेल इतका मोठा करायचा नाही, दोन्ही ऐकू आली पाहिजेत, नाहीतर मेंदू सवय कशाची करणार? महिने लागतील, वर्षही लागेल. मध्येच वाईट दिवस येतील, तेव्हा घाबरून पुन्हा कापूस घालायचा नाही.

"नाहीतर पडतं पाणी," बाई म्हणाल्या. "त्याच्यासारखं दुसरं औषध नाही. तुमच्याकडे कुठं पडतं?"

नवराबायकोनं एकमेकांकडे पाहिलं.

"विहिरीवर," कुंदा म्हणाली. "मोटारीचं, हौदात."

घरी येऊन फडताळातला रेडिओ काढला. पितांबरनं पहिल्याच दिवशी चूक केली. खरखर एवढी मोठी केली की शिट्टी गेली, आणि त्या आनंदात तो संध्याकाळपर्यंत बसला. बंद केल्यावर ती अशी आली, जणू तिचा अपमान झाला होता. दुसऱ्या दिवशी हळू लावला. दोन्ही ऐकू येत होतं. बरं वाटत नव्हतं, पण श्वास सरळ येत होता. तेवढ्यात सुकदेव घरात आला.

"हाई काय लायेल शे? भुतेस्ले बलाई ऱ्हायना का?" त्यानं रेडिओ उचलला आणि घेऊन गेला. कुठं ठेवला ते सांगेना. साहेब म्हणाले शांत. मोठे साहेब खरे, की पोरांना शिकवणारी बाई?

बघा, तुमच्या शब्दाचं वजन बघा.

रेडिओ गेला, ओसरी पुन्हा मुकी झाली, आणि समोर खुंटी. पितांबर तिच्याकडे पाठ करून बसला. आता उरलं होतं ते फक्त विहिरीवरचं पाणी. तिकडे तर त्या होत्या. ज्यांचा आवाज कुंदानं सुद्धा ऐकला होता.

कुंदा त्याच्यासमोर खाली बसली.

"माले काहीच ऐकू येत नव्हतं," ती म्हणाली. "त्या दिवशी. मी खोटं बोलनू."

"कसाले?"

"तुम्हले येडं वाटाले नको म्हनीसन."

त्यानं तिच्यावर हात उगारला. उगारलेला हात तसाच राहिला. मग तो हात त्यानं स्वतःच्या तोंडावर घेतला आणि विचित्र आवाजात हसला की रडला, ते तिला कळलं नाही. कोणाला ऐकू येत नाही. म्हणजे त्या नाहीत. म्हणजे कान. नुसता जळलेला कान. जी गोष्ट महिन्याआधी ऐकून तो मेला असता, तीच ऐकून त्याच्या अंगातून ओझं उतरलं.

"चाल," म्हणाला.

दुपार होती. लाईट यायची वेळ. बांधावरून जाताना निंबाखालचे सात दगड दिसले, तेव्हा त्याचे पाय अडले. कुंदानं मागून पाठीला हात लावला. काठाशी आला आणि सुरुंगाचा धक्का अंगात जसाच्या तसा उठला. शिट्टी कर्कश झाली. पळावंसं वाटलं. तो हौदाच्या कडेला बसला, दोन्ही हातांनी दगड धरून.

आणि केळीतून सुकदेव बाहेर आला. खांद्यावर ते पांढरं दावं.

पितांबर दगड धरून बसूनच राहिला. मागं विहीर, पुढं भाऊ.

"ते दावं कोनासाठे शे, भाऊ?"

सुकदेव थांबला. दाव्याकडे पाहिलं, जणू आता कोणी खांद्यावर टाकलं.

"गोऱ्हानं जुनं तोडं आज."

"अन् आनं तव्हय कोनासाठे?"

सुकदेवचा चेहरा वाकडा झाला. "खोटं बोलत नही. तुले बांधानं मनमा येल व्हतं." आणि मग तो मोठा गडी मटकन खाली बसला. "दगड मी उचलेल व्हतात रे. तू नही. मी."

पितांबर भीतच होता. फक्त आता भीतीला तोंड होतं, आणि ते तोंड रडत होतं.

"भाऊ," कुंदा म्हणाली, डोक्यावरचा पदर पुढं ओढत, "लाईट आली असेल. मोटार लावा."

सुकदेव उठला, झोपडीत गेला, स्टार्टर दाबला. पाइपानं आधी हवा ओकली, मग हौदात पाणी कोसळलं. पितांबर ऐकत राहिला. शिट्टी गेली नाही. पाण्याच्या आत, पांढऱ्या फेसात एक केस पडावा, तशी ती होती. दिसत होती, पण शोधावी लागत होती. लाईट जाईपर्यंत तो तिथून उठला नाही. रोज जायला लागला.

दिवाळी झाली, केळी उतरली. सुकदेवनं सातही दगड कोनाड्यात परत बसवले, नारळ फोडला, रेडिओही आणून दिला. बैलांना घाटी आहेत. शिट्टी आहेच. एखाद्या दिवशी संध्याकाळी पितांबरला आठवतं की आज तिची आठवण झाली नव्हती, आणि आठवताच ती येते. दुपारी अचानक लाईट गेली, सगळं गप्प झालं, की तो अजून खुंटीकडे पाहतो. खुंटी रिकामी असते. तरी पाहतो. बाई म्हणतात, वेळ लागेल. लागतो आहे.

आता तुमचं बोला, साहेब. नस मेली, हे खरं होतं. औषध नाही, हेही खरं. पण "वेडे होणार नाही, सवय होईल, शांतता टाळा" हेही तितकंच खरं होतं, आणि ते सांगायला तेवढाच वेळ लागला असता. तुम्हाला ते ठाऊक नव्हतं? की ठाऊक होतं आणि मान वर करायचा कंटाळा आला? दोहोंपैकी काय ते सांगा. पितांबर बाहेर तुमच्या बाकावर बसला आहे. या वेळी उत्तर घेतल्याशिवाय तो दारातून परत जाणार नाही.